कोच टीव्हीवर गेले की इतके गोड का बोलायला लागतात?

स्टीलसिटीकर

नमस्कार मंडळी. फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, तो लांबट चेंडू काखेत मारून पळायचा खेळ. मेस्सीवाल्यांनी माफ करावं.

मी २००७ साली लग्न होऊन पिट्सबर्गला आले. त्याच जानेवारीत बिल काउअरने इथल्या टीमचं, स्टीलर्सचं, कोचपद सोडलं होतं. पंधरा सीझन केले त्याने, २००६ च्या फेब्रुवारीत सुपर बोल (म्हणजे सीझनचा अंतिम सामना) जिंकून दिला, आणि मग सीबीएस चॅनेलच्या रविवारच्या कार्यक्रमात टेबलामागे जाऊन बसला. त्यामुळे माझ्यासाठी काउअर म्हणजे कायम सुटाबुटातला, हसतमुख, शेजारच्याच्या बोलण्यावर मान डोलावणारा माणूस. आमच्या शेजारच्या आजी (वय ७८, स्टीलर्सचा पिवळा टॉवेल सोवळ्यासारखा जपतात) मला दर वेळी सांगायच्या, "हा तो नव्हेच." मला वाटायचं, म्हातारपणी सगळ्यांनाच जुनं ते सोनं वाटतं.

गेल्या महिन्यात त्यांनी मला एक जुनी चित्रफीत दाखवली. १९९५ चा सामना. स्टीलर्सचे मैदानात बारा खेळाडू होते म्हणून पंचांनी दंड केलेला. नव्हते हो, अकराच होते. तसा फोटोच काउअरच्या हातात आला. हाफटाइम झाल्यावर हा गडी तरातरा पंचाकडे गेला आणि तो फोटो त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबला! ती हनुवटी पुढे काढलेली, डोळे खोबणीतून बाहेर यायचे बाकी. मी आजींकडे बघतच राहिले. त्या शांतपणे म्हणाल्या, "आता कळलं?"

बरं, माणूस आतून बदललाय असंही वाटत नाही. ११ जानेवारी २०२० ला कार्यक्रम चालू असताना हॉल ऑफ फेमचे (खेळातल्या थोरांचा मान करणाऱ्या संस्थेचे) तेव्हाचे प्रमुख डेव्हिड बेकर (दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच माणूस) थेट स्टुडिओत आले आणि कॅमेऱ्यासमोरच काउअरला निवड झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी फॉक्स चॅनेलच्या स्टुडिओत जाऊन दुसरे एक माजी कोच, जिमी जॉन्सन, यांना. जॉन्सनला तर शब्द फुटेना, डोळे भरून आले. म्हणजे सगळं आत आहे तसंच आहे की!

मग टीव्हीवर यांना होतं काय? पैशाने गोड होतात, वयाने होतात, की चॅनेलवालेच तसं सांगतात? आणि ज्या खेळापायी पंचाच्या खिशात हात घातला, तो सोडून माणूस टेबलामागे इतकी वर्षं बसतो तरी कसा?

गोलकीपर

मेस्सीवाला हजर, माफ केलं.

आमच्याकडचं उदाहरण मोरिन्यो. डिसेंबर २०१८ मध्ये मँचेस्टर युनायटेडने काढलं. मग २०१९ मध्ये साहेब स्काय स्पोर्ट्सवर बसून इतरांच्या टीमांची चिरफाड करत होते, आणि २० नोव्हेंबरला टॉटनहॅमचे मॅनेजर (आमच्याकडे कोचला तेच म्हणतात). टीव्ही म्हणजे एसटी स्टँड आहे ताई. गाडी लागेपर्यंत बाकड्यावर बसायचं. गोड बोलायचं कारण शोधू नका, बाकड्यावर कोण भांडतं?

जुना स्पॉटर

बाकड्यावरची भांडणं गोलकीपर यांनी पाहिलेली दिसत नाहीत, पण एसटी स्टँड मात्र अगदी बरोबर.

ताई, योगायोगाने मी त्या टेबलामागे नाही, पण समालोचकांच्या बूथच्या काचेमागे बसलेलो आहे. नव्वदच्या दशकात मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीत एमएस करत होतो, तेव्हा दोन सीझन दर शनिवारी कॉलेज फुटबॉलच्या प्रक्षेपणात स्पॉटर होतो. मैदानावर एका वेळी बावीस जण, बाहेर आणखी शंभरेक, आणि समालोचकाला प्रत्येकाचा नंबर पाठ असणं शक्य नाही. म्हणून शेजारी एक पोरगा बसवतात. माझ्यापुढे पुठ्ठ्याचा मोठा बोर्ड, त्यावर जागेनुसार नावं, नंबर, उंची, वजन, गाव. चेंडू कुणी नेला, कुणी पाडला, ते मी बोटाने दाखवायचं. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. सामन्यामागे ७५ डॉलर आणि फुकटचे हॉट डॉग. देशाबाहेर नुकत्याच आलेल्या पोराला हा व्यवहार राजेशाही वाटायचा.

दुसऱ्या सीझनला आमच्या बूथमध्ये तज्ज्ञ म्हणून एक कोच आले. आदल्या डिसेंबरात त्यांच्या कॉलेजने त्यांना घरी बसवलं होतं. नाव सांगत नाही, सांगून तुम्हाला कळणारही नाही. पहिल्या सामन्यात त्यांची फार तारांबळ उडाली. चेंडू सुटायच्या आधीच त्यांना पुढचं दिसायचं, आणि ते प्रेक्षकांना सांगायच्या ऐवजी काचेतून खेळाडूंवरच ओरडायचे, "मागे हो, मागे हो!" खाली प्रक्षेपणाच्या ट्रकमधला प्रोड्यूसर त्यांच्या कानात ओरडतोय ते वेगळंच. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, तर आधीचा प्ले (चेंडूचा एक डाव) संपल्यापासून पुढच्यासाठी ४० सेकंद असतात. त्यात मुख्य समालोचकाचं बोलून होतं, रीप्ले दाखवतात, आणि तज्ज्ञाच्या वाट्याला जेमतेम पंधरा-वीस सेकंद येतात. आयुष्यभर ज्याने तीन-तीन तास खोली अंधारी करून फिल्म समजावून दिली, त्याला पंधरा सेकंदांत पूर्णविराम देता येत नाही. निम्मे तर इथेच गळतात.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर वेगळ्याच वस्तूत आहे. बूथमध्ये बोलणाऱ्याच्या पुढे एक छोटी डबी असते. तिच्यावरचं एक बटण दाबलं की तुमचा आवाज फक्त ट्रकमध्ये जातो. दुसरं बटण खोकल्याचं. ते दाबून धरलं की माइक बंद. खोका, शिंका, पाणी प्या. आमच्या कोचना सर्दी-खोकला काही नव्हता, तरी ते बटण त्यांच्या अंगठ्याखाली सारखं दबलेलं असायचं.

ऑक्टोबरातला एक सामना सांगतो. यजमान टीम चार गुणांनी मागे, सामना संपायला चार मिनिटं, चौथा आणि शेवटचा डाउन (पुढे सरकायच्या चार संधींतली शेवटची), आणि चेंडू आपल्याकडे ठेवायला हवे होते फक्त दोन यार्ड. यजमानांच्या कोचने काय करावं? चेंडू लाथाडून समोरच्या टीमला देऊन टाकला. आमच्या कोचनी बटण दाबलं आणि म्हणाले (सभ्य भाषेत सांगतो), "अरे गाढवा, दोन यार्डांना घाबरलास? पोरं काय म्हणतील तुझी!" मी दीड हातावर होतो, अक्षर न् अक्षर ऐकलं. अंगठा उचलला. आणि तोच माणूस त्याच श्वासात लाखभर घरांत म्हणाला, "फार अवघड निर्णय. त्याच्या जागी मी असतो तर मलाही विचार पडला असता."

सामना झाल्यावर धीर करून विचारलं, कोच, खरं ते का नाही बोललात? ते हॉट डॉगवर मोहरी पिळत होते. वर न बघता म्हणाले, "त्याचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर पुढच्या वर्षी जातोय."

एवढंच. (ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणजे मुख्य कोचच्या हाताखाली चढाईची बाजू सांभाळणारा कोच.) मला समजायला सोमवार उजाडला.

तेव्हापासून टीव्हीवर कोच दिसला की मी एकच गोष्ट बघतो: याने मागचं दार लावलंय की नुसतं लोटलंय? चॅनेलने गोड बोलायला सांगितलं असं माझ्या डोळ्यांदेखत एकदाही झालं नाही, उलट ट्रकमधून "जरा मीठमसाला घाला" असाच धोशा असायचा. ज्याला परत जायचंय त्याला प्रत्येक कोच उद्याचा साहेब, नाहीतर उद्याचा सहकारी. प्रत्येक मालक उद्याचा पगार देणारा. शिवाय सामन्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत समालोचकांची दोन्ही टीमच्या कोचबरोबर बैठक होते, तिथे थोडंफार आतलं कळतं. आज टीव्हीवर सालटं काढलीत, तर पुढच्या बैठकीत तो तुम्हाला फक्त हवामान सांगणार.

दार लावून आलेल्यांत सगळ्यात मोठा जॉन मॅडन. ओकलंड रेडर्सबरोबर दहा सीझन, नियमित सीझनचे १०३ विजय, १९७७ च्या जानेवारीत सुपर बोल. अल्सर झाला, माणूस पुरता थकला, आणि ४२ व्या वर्षी सोडलं. त्याच १९७९ मध्ये सीबीएसवर आला आणि पुढची तीस वर्षं, २००९ पर्यंत, चार चॅनेलं बदलली पण कोच म्हणून परत गेला नाही. विमानात बसायचा नाही. आधी रेल्वेने हिंडला, मग १९८७ पासून स्वतःच्या बसने अख्खी अमेरिका. हातात टेलिस्ट्रेटर, म्हणजे पडद्यावर पिवळ्या रेघा मारायचं यंत्र. त्या रेघा त्याने लाइनमनवर, म्हणजे पुढच्या फळीतल्या धिप्पाड गड्यांवर मारल्या, ज्यांच्याकडे तोवर कुणी ढुंकून बघत नव्हतं. १९८७ च्या सुपर बोलमध्ये तर जायंट्सच्या खेळाडूंनी कोच पार्सेल्सच्या डोक्यावर गेटोरेडचं पिंप कसं ओतलं, त्याचीसुद्धा रेघा मारून आकृती काढली. कुणाला काय वाटेल याची फिकीर नसलेला माणूसच असं करू शकतो. आजची पोरं त्याला व्हिडिओ गेमच्या नावानेच ओळखतात, ते सोडा.

आणि दुसरे ली कोर्सो. हे माझे खास लाडके. कोच म्हणून बेताचेच. १९७६ ला इंडियाना युनिव्हर्सिटीचे कोच होते, समोर बलाढ्य ओहायो स्टेट, आणि चुकून इंडियाना ७-६ ने पुढे गेली. कोर्सोंनी काय केलं? टाइमआउट घेतला आणि मागे तो स्कोअरबोर्ड दिसेल असा अख्ख्या टीमचा फोटो काढला! सामना हरले ४७-७. असा माणूस १९८७ ला ईएसपीएनवर आला. १९९६ मध्ये कोलंबसला पहिल्यांदा ओहायो स्टेटच्या मॅस्कॉटचं (टीमच्या शुभंकराचं), त्या ब्रूटसचं मुंडकं डोक्यात घालून त्याने कोण जिंकणार याचा आपला अंदाज जाहीर केला, आणि ३० ऑगस्ट २०२५ ला, वयाच्या नव्वदीत, त्याच कोलंबसमध्ये तेच मुंडकं घालून निरोप घेतला. मधल्या काळात स्ट्रोक येऊन गेला, जीभ जड झाली, तरी लोक थांबून ऐकायचे. त्याला कुठे परत जायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणी बोलावतही नव्हतं.

(लांबलं. माझी सून म्हणते तुम्ही प्रतिसाद नाही, कादंबरी लिहिता.)

चौथा डाउन

स्पॉटरकाका, मोहरीचा प्रसंग भारी. पण दाराचा सिद्धांत सगळीकडे लावू नका, फटी आहेत त्याला.

डिक व्हर्मील घ्या. जानेवारी १९८३ मध्ये ईगल्स सोडलं, थकून. त्यानंतर १४ वर्षं सीबीएस आणि एबीसीवर. १४ वर्षं म्हणजे दार लावून कडीसुद्धा घातली असं कुणीही म्हणेल. तरी १९९७ ला रॅम्सचा कोच म्हणून परत! पहिल्या सीझनला ५ विजय, दुसऱ्याला ४, लोक म्हणाले म्हाताऱ्याचा खेळ संपला. तिसऱ्याला १३, आणि जानेवारी २००० मध्ये टेनेसीला २३-१६ ने हरवून सुपर बोल. ६३ व्या वर्षी. तर आत शिरलेल्या माणसाचं दार लागलंय की लोटलंय, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

उलट शॉन पेटन. २०२२ चा एकच सीझन फॉक्सवर, आणि सगळ्या जगाला माहीत होतं की हा गाडीची वाट बघतोय. गंमत म्हणजे टीव्हीवर असतानाही कोच म्हणून तो कराराने सेंट्स या जुन्या टीमचाच होता. त्यामुळे तो मिळवायला डेन्व्हरच्या टीमला सेंट्सना पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क) आणि पुढच्या वर्षीचा दुसऱ्या फेरीचा पिक मोजावा लागला. टीव्हीवरच्या माणसाची खेळाडूसारखी अदलाबदल!

आणि पैशाचं विसरू नका. काढलेल्या कोचला उरलेल्या कराराचे पैसे मिळत राहतात, आणि बऱ्याच करारांत असं कलम असतं की दुसरीकडे कोच म्हणून लागलास तर तेवढे वजा होतील. अशा वेळी घाईघाईने कुठल्यातरी भिकार टीमकडे जाण्यापेक्षा एक वर्ष मेकअप करून बसलेलं काय वाईट?

माझं मत असं की टीका करतो का, ही परीक्षाच चुकीची आहे. शिकवतो का, ते बघा. निक सेबनने सात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून २०२४ ला निवृत्ती घेतली आणि ईएसपीएनवर आला. तो कुणाची सालटं काढत नाही, पण कॉर्नरबॅकने (बचावातल्या कडेच्या खेळाडूने) पाय कुठे ठेवायचा हे सांगायला लागला की मी जेवण सोडून ऐकतो.

स्टीलसिटीकर

काका, चौथा डाउन, दोघांचेही आभार. आजींना सगळं भाषांतर करून सांगितलं. खोकल्याचं बटण ऐकून त्या इतक्या हसल्या की त्यांना खरोखरचा खोकला लागला.

त्यांचं म्हणणं, काउअरने दार लावलेलंच होतं. दर जानेवारीला कुठली ना कुठली टीम त्याला बोलावणार अशी बातमी यायची आणि तो कधीच गेला नाही. मग काकांच्या हिशेबाने तो मोकळा बोलायला हवा होता ना? आजींचं उत्तर: "काही माणसं आयुष्यभर ओरडून झाल्यावर नुसतीच निवांत होतात. माझा नवरा निवृत्त झाल्यावर तसाच झाला." हे मला दोन्ही सिद्धांतांपेक्षा पटलं, रागवू नका.

आणि काका, कोच जॉन ग्रुडनबद्दल तुम्ही दोघंही बोलला नाहीत. आमच्या घरी त्याच्यावरून वाद होतात. आणि हो, तुमच्या त्या कोचचं पुढे काय झालं?

जुना स्पॉटर

आजींना नमस्कार सांगा. व्हर्मीलपुढे मी निरुत्तर आहे, आणि आजींपुढे तर आहेच.

पण ग्रुडनवर मात्र बोलतो. २००९ ला टॅम्पा बेने काढलं, आणि त्याच वर्षापासून २०१७ पर्यंत ईएसपीएनवर, सोमवारच्या सामन्यांना. त्याचा उत्साह मला आवडायचा, खोटं कशाला बोलू. पण नऊ वर्षांत त्याला न आवडलेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) मला तरी आठवत नाही. सगळेच थोर. दर हिवाळ्यात तो अमुक टीमकडे चालला अशी हूल उठायची. शेवटी २०१८ ला रेडर्सकडे परतला, दहा वर्षांचा करार, आकडा बातम्यांत दहा कोटी डॉलर असा होता. आणि २०२१ च्या ऑक्टोबरात राजीनामा, कारण जुने ईमेल बाहेर आले. त्यात लीगच्या कमिशनरपासून कुणाकुणाला शिव्या, आणि नको नको ती भाषा. ते ईमेल कधीचे? बरेचसे त्याच ईएसपीएनच्या वर्षांतले. सोमवारी रात्री माइकवर सगळे थोर, आणि इकडे पत्रांत हे. वाचताना मला आमचा बूथ आठवला. आमच्या कोचच्या शिव्या निदान त्याच सामन्याच्या, त्याच चुकीच्या असायच्या. आणि त्या बटणाची नोंद कुठे राहत नाही.

आता आमचे कोच. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी त्यांनी ट्रकमधल्या प्रत्येकाशी हात मिळवला, मला त्यांचं पेन दिलं. जानेवारीत बातमी आली: त्याच यजमान टीमकडे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. त्या दोन यार्डवाल्या गाढवाच्या हाताखाली!

दोन वर्षांनी मी नोकरीला लागलो होतो, आणि एका शनिवारी त्यांचा सामना टीव्हीवर लागला. चौथा डाउन आला, यार्ड किती हवे होते आठवत नाही, पण थोडेच होते. हेड कोचने पुन्हा लाथाडायचा इशारा केला. कॅमेरा साइडलाइनवर आमच्या कोचवर गेला. त्यांच्या हातात प्ले लिहिलेला तो लॅमिनेशन केलेला मोठा कागद होता. कॅमेरा जवळ येतोय हे दिसताच त्यांनी तो उचलून तोंडापुढे धरला. मागून गाल हलत होते.